दिनानाथचे तीन रणगाडे

नेरुळच्या त्या चार मजली सोसायटीत शिरलं, की जिन्याच्या डाव्या अंगाला, पाण्याचा पंप आणि मीटरच्या पेट्या यांच्यामध्ये, आठ फूट बाय दहा फुटांचा एक कोपरा होता. बाकी सगळं पार्किंग. तेवढा कोपरा दिनानाथचा. भिंतीवर करवती टांगलेल्या, फळीवर सरसाचं भांडं, खाली काथ्याची भेंडोळी आणि बांबूच्या कांबट्या, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत तीस वर्षांचा संसार: लाकडी तलवारी, नकली दाढ्या, वीज पाडायचा पत्रा. कुणाच्या खुर्चीचा पाय निखळला, शाळेच्या संमेलनाला मुकुट हवा झाला, गणपतीला मखर हवं झालं, की माणसं तिथे डोकवायची. "काका, आहात का?" आणि काका असायचेच.

दिनानाथ म्हणजे नाटकांच्या पडद्यामागे उभा राहिलेला माणूस. पुढे उभे राहणाऱ्यांची नावं जाहिरातीत येतात. मागे उभा राहणारा पाऊस आणतो, रक्त काढतो, दीड मिनिटाच्या अंधारात राजवाडा मोडून झोपडी उभी करतो, आणि प्रयोग संपला की झाडू मारतो. दिनानाथने हे सगळं केलं. पण त्याच्या मनात घर करून राहिला होता तो एक रणगाडा. एका युद्धाच्या नाटकासाठी त्याने तो बांबू आणि बारदानाचा बनवला होता. तिसऱ्या अंकात रणगाडा रंगमंचावर घरंगळत यायचा, तोंडातून धूर सोडायचा, आणि माणसं खुर्च्यांतून उठून उभी राहायची. त्या टाळ्या दिनानाथने ऐकल्या त्या आतून. अंधारात, गुडघ्यांवर रांगत, गाडा ढकलताना. टाळ्या वाजवणारे चेहरे मात्र त्याने कधीच पाहिले नाहीत.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत चेअरमन नंदकिशोर प्रधान त्या कोपऱ्यापाशी येऊन थांबले. बँकेतले अधिकारी. पांढराशुभ्र सदरा, इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं.

"दिनानाथकाका, कमिटीचा ठराव झालाय. गाड्या वाढल्या. पाडव्यापर्यंत एवढा कोपरा रिकामा करून द्या."

"आणि हे सामान?"

"घरी न्या की."

"घर एका खोलीचं, साहेब. तिथे सामान तरी राहील नाहीतर वैजयंती तरी."

नंदकिशोर हसले नाहीत. दिनानाथही मग हसायचा थांबला. वर आल्यावर तो खिडकीशी बसून राहिला. त्याची बायको वैजयंती तांदूळ निवडत होती. नाटक कंपनीत असताना ती पडदे शिवायची. नवऱ्याच्या पाठीकडे पाहून कुठला अंक चाललाय ते तिला कळायचं.

"अहो, कोपराच जातोय. तुम्ही नाही."

"कोपरा गेल्यावर उरतं काय, वैजू? दुसऱ्या मजल्यावरचा एक म्हातारा. दूधवालासुद्धा ओळखणार नाही."

ती पुन्हा तांदळाकडे वळली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग भरली ती होळीवरून. सोसायटीच्या पुढ्यात मोकळं मैदान, आणि मैदानापलीकडे शिरवणे गाव. आदल्या वर्षी गच्चीवरून कुणीतरी पाण्याचा फुगा मारला, तो शिरवण्याच्या हिरामणच्या टेम्पोच्या काचेवर फुटला, टेम्पो गटारात गेला, आणि मग मैदानात जी धुमश्चक्री झाली तिच्यात एकाचा दात पडला आणि दोघांचे शर्ट फाटले. तेव्हापासून गाव आणि सोसायटी यांच्यात नमस्कारसुद्धा नव्हता. कमिटीचं म्हणणं, यंदा रंग बंद. गावाचा निरोप, मैदान आमच्या शेतांवर झालंय, आम्ही खेळणार, बघू कोण अडवतो.

दिनानाथ नेहमीप्रमाणे मागे, भिंतीला टेकून उभा होता. आणि तीस वर्षांत जे केलं नाही ते त्याने त्या दिवशी केलं. पुढे आला.

"रंग बंद करू नका," तो म्हणाला. "रंगाला नेम द्या."

"म्हणजे?"

"परवा केबलवर पाहिलं. परदेशात माणसं मुखवटे घालून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात. बंदुका लागतात, पैसा लागतो, ते आपलं काम नाही. आपण रणगाडे करू. लाकडाचे, बांबूचे. माणसं आत, रंग बाहेर. कुणाच्या डोळ्यात जायला नको, काचेवर जायला नको. ज्याला राग काढायचाय त्याने समोरच्या रणगाड्यावर काढावा. आणि गावालाही बोलवायचं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "काकांना नाटकाचा फीट आलाय रे!" आणि हशा पिकला. पण नंदकिशोर हसले नाहीत. हसणं हा त्यांचा प्रांतच नव्हता, आणि त्या दिवशी ते दिनानाथच्या पथ्यावर पडलं. गावाला अडवायला कोण जाणार, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळत होता.

"करा," ते म्हणाले. "जबाबदारी तुमची. एकही लेखी तक्रार आली नाही, तर कोपरा तुमच्याकडे राहील. मी ठराव फिरवीन. आली, तर पाडव्याच्या आत रिकामा. कबूल?"

"कबूल," दिनानाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मैदान ओलांडून शिरवण्याला गेला. हिरामण अंगणात टेम्पोची काच पुसत होता. चाळिशीचा, दणकट, आवाज असा की हळू बोलला तरी गल्ली ऐकेल.

"सोसायटीवाले आमाला बोलवतान? फुगं मारायला की?"

"रणगाडा करायला. तुमचा तुम्ही करायचा, आमचा आम्ही."

"आनि पंच कोन? तुमचा चेअरमन?"

"मी."

"तुमी तं तिकरचेच."

उत्तर आलं ते ओटीवरून. तिथे हिरामणची आत्या राजाबाई सुकट निवडत बसली होती. पंचावन्नच्या पुढची, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"त्याला बोलू दे रं," ती म्हणाली. "मानूस चालत आलाय. वरून फुगा नाय टाकला त्यानं." मग दिनानाथकडे वळून, "गोला मारायचा कशानं?"

"अजून ठरलं नाही, बाई."

राजाबाई उठली, आत गेली, आणि दोऱ्यांचं एक जुनं विणलेलं काहीतरी घेऊन आली. गोफण. त्या मैदानात तिची भातखाचरं होती तेव्हा पाखरं हाकायची. तिने अंगणातला खडा उचलला, गोफणीत बसवला, डोक्यावर एकदा, फक्त एकदा, फिरवला आणि सोडला. चाळीस पावलांवर माडाला टांगलेला फुटका डबा ठण्णकन वाजला.

दिनानाथचं तोंड उघडंच राहिलं. त्याने आयुष्यात नामांकित नटांच्या नेमाचे सोहळे पाहिले होते; तिथे डबा वाजायचा तो विंगेतून दिनानाथ दोरी ओढायचा म्हणून. इथे दोरी नव्हती. कुणीच काही ओढलं नव्हतं.

"जमीन गेली, पाखरं गेली," राजाबाई गोफण गुंडाळत म्हणाली, "हात ऱ्हायला."

मग सुरू झाली ती तयारी. दिनानाथने शंभर पानी वही घेतली आणि नियम लिहायला बसला. रणगाडा हातगाडीच्या चाकांवर, इंजिन नाही. आत चार माणसं ढकलायला, एक गोळे मारायला. डोकं बाहेर दिसलं की एक डाग वजा. प्रत्येकाला तीस गोळे; ज्याचे डाग दुसऱ्यांच्या गाड्यांवर जास्त, तो विजयी. डाग स्टीलच्या छोट्या वाटीपेक्षा मोठा असेल तरच धरायचा, म्हणून पंचाजवळ वाटी. प्रेक्षकांसमोर जाळं. तो प्रश्न हिरामणने खाडीवरची जुनी मासळीची जाळी आणून सोडवला. सुरुवात थेटरासारखी तीन घंटांनी, आणि घंटा वैजयंतीच्या हातात, कारण वेळ पाळण्याबाबत दिनानाथचा स्वतःवर विश्वास नव्हता.

गोळ्यांचं मात्र अडलं. फुगे नकोत, त्यांचंच तर भांडण. कागदाचे गोळे वाटेतच सुटायचे. शेवटी उत्तर सापडलं चौकातल्या दिलीपच्या आम्लेट-पावच्या गाडीवर. दिलीप अंडं फोडून टरफल बादलीत टाकत होता. दिनानाथ त्या बादलीकडे बघतच राहिला.

"काका, काय झालं? पाव देऊ?"

"दिलीप, उद्यापासून अंडं असं फोडायचं. टोकाला चवलीएवढं भोक पाडायचं, आतलं ओतून घ्यायचं, टरफल मला."

"येडं समजतील मला, काका. गिऱ्हाईक ताटकळत बसेल."

"तुमचा मार्केटवाल्यांचा तिसरा रणगाडा. तू कॅप्टन."

दिलीपने क्षणभर विचार केला. "भोक चवलीएवढंच ना?"

टरफलं धुवायची, वाळवायची, रंगीत पातळ खळ भरायची आणि वरून कणकेच्या चिकीने कागद लावायचा. सोसायटीत अंडी शिरल्यावर दोन घरांनी नाकं मुरडली, वैजयंतीने त्यांना सांगितलं, "आत अंडं नाही हो, खळ आहे. तुमच्या साड्यांना घालता तीच." मारायला स्कूटरच्या ट्यूबची बेचकी, आणि टरफल ताणाने फुटू नये म्हणून बेचकीला चामड्याऐवजी नारळाची करवंटी, आत कापसाची गादी. पहिलं अंडं दिनानाथने पार्किंगच्या भिंतीवर सोडलं. फट्ट झालं, आणि भिंतीवर एक तांबडं फूल उमललं.

रंगही त्यानेच ठरवले. बाजारातला रंग नको, अंगाला खाज आणतो. घरातले तीन: सोसायटीला गेरू, शिरवण्याला हळद, मार्केटवाल्यांना कपड्यांची नीळ. आणि डाग स्पष्ट दिसावेत म्हणून वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: तिन्ही रणगाडे बाहेरून पांढरे असावेत. कशाने पांढरे, ते लिहिलं नाही. चूक तिथेच झाली, आणि ती करायला दिनानाथसारखाच माणूस लागतो. ज्याला सगळं ठाऊक आहे आणि वेळेवर आठवत नाही असा.

रंगपंचमीचा तो रविवार. सकाळी नऊपासून मैदानाच्या दोन्ही बाजूंनी माणसं जमायला लागली. या बाजूला सोसायटी, त्या बाजूला गाव, मधे जाळी. इतकी माणसं, पण आवाज दबका. जुन्या भांडणाची सगळ्यांना आठवण होती. नंदकिशोर पहिल्या रांगेत, त्याही दिवशी पांढऱ्या सदऱ्यात.

रणगाडे आले. सोसायटीच्या रणगाड्यावर पांढऱ्या चादरी ताणलेल्या. शिरवण्याच्या गाड्यावर जुन्या होडीचं शिडाचं कापड, आणि पुढच्या टोकाला होडीसारखे दोन डोळे रंगवलेले. दिलीपचा गाडा सगळ्यात उशिरा आला. त्याला कापड मिळालं नव्हतं. पहाटे उठून मार्केटवाल्यांनी प्लायवूडवर चुना फासला होता आणि तो अजून ओला होता.

वैजयंतीने पहिली घंटा दिली. दुसरी दिली. तिसऱ्या घंटेआधी तिने क्षणभर थांबून नवऱ्याकडे पाहिलं. दिनानाथ मैदानाच्या मधोमध पंचाची शिट्टी गळ्यात घालून उभा होता, सगळ्यांसमोर, उजेडात. तिसरी घंटा झाली.

काय दृश्य ते! तीन पांढरे गाडे एकमेकांभोवती फिरताहेत, आतून ओरडा, "डावीकडे घे, अरे डावीकडे!", "ढकल ना, नाश्ता केला नाहीस का?", आणि मधूनच हवेत एक पांढरं अंडं झेप घेतंय. पहिलं फुटलं तेव्हा लोक दचकले. दहावं फुटलं तेव्हा ओरडायला लागले. पंधरावं फुटलं तेव्हा सोसायटीतल्या एका आजीबाई "अगं बाई, वाचला!" असं शिरवण्याच्या गाड्यासाठी ओरडल्या आणि आपण कोणाच्या बाजूने ओरडलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आणि राजाबाई! शिडाच्या कापडाला पाडलेल्या झरोक्यातून फक्त तिचा हात दिसायचा. घाई नाही, गडबड नाही. करवंटी मागे ओढायची, श्वासभर थांबायची, सोडायची. दिनानाथ सरकत सरकत तिच्या रेषेत जाऊन उभा राहिला. अंडं सुटायचं, आणि दिलीपच्या चुन्याच्या भिंतीवर हळदीचा पिवळाधमक सूर्य फुटायचा. दिनानाथने स्वतःच्या डोळ्यांनी एक पाहिला, दोन पाहिले, मग दुसरीकडे शिट्टी वाजवायला धावला.

वीस मिनिटांनी शेवटची घंटा झाली. दिनानाथ वाटी घेऊन मोजायला निघाला. कापडाचे दोन गाडे चटकन मोजून झाले: शिरवण्याच्या शिडावर गेरूचे सहा, सोसायटीच्या चादरीवर हळदीचे पाच, निळीचे दोन्हीकडे मिळून नऊ. मग तो दिलीपच्या गाड्यापाशी आला.

चुन्यावर लाल डाग होते. चोवीस. पिवळा एकही नव्हता.

"चोवीस आणि सहा, तीस!" नंदकिशोर जाळीजवळून ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "तीसपैकी तीस! आपण जिंकलो!"

सोसायटीने जल्लोष केला. मग राजाबाई गाड्यातून बाहेर आली. घामाने निथळलेली, हाताला हळद. ती सरळ दिलीपच्या गाड्यासमोर येऊन उभी राहिली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"माजं गोलं कय गेलं?"

"चुकले असतील, मावशी," सोसायटीतला कुणी म्हणाला.

"माजा नेम चुकला?" ती ओरडली नाही. हळूच बोलली, आणि तेच ऐकवेना. "या मैदानात माजा नेम चुकला?"

हिरामण पुढे आला. "तीस गोलं तुमचं, तीसच्या तीस बसलं? मंग हे भुईवर लाल काय पडलाय? तुमच्या चेअरमनच्या पानाची पिचकारी?"

खरंच, मैदानात जिकडेतिकडे गेरू सांडला होता. पोरंसोरं मागे सरली, बाप्ये पुढे आले. जाळी एका जागी ताणली गेली. नंदकिशोर दिनानाथच्या कानाशी आले.

"काका, निकाल जाहीर करा आणि मिटवा. डाग लाल आहेत, सगळ्यांनी पाहिलंय. आता घोळ घालू नका. कोपरा तुमचा झाला."

कोपरा! दिनानाथने डोळे मिटले. करवती, सरसाचं भांडं, ट्रंक. दोन शब्द बोलायचे होते. शिवाय खोटं कुठे होतं? डाग तर लालच होते.

मग त्याने डोळे उघडले आणि डागाकडे पाहिलं. अगदी जवळून. गेरूचा लाल विटकरी असतो. हा लाल वेगळा होता. ओला, गडद, जिवंत. शेजारच्याच डागाची कड अजून वाळत होती, आणि त्याच्या नजरेसमोर ती कड पिवळ्यातून नारिंगी झाली, नारिंगीतून लाल.

तीस वर्षांपूर्वीच्या एका विंगेत तो उभा होता. ऐतिहासिक नाटक. नटाच्या पांढऱ्या अंगरख्याला छातीवर चुन्याची निवळी लावून ठेवायची, आणि दुसऱ्याच्या लाकडी तलवारीला ओली हळद. वार झाला की अंगरख्यावर आपोआप रक्त. रोज रात्री बायकांचे हुंदके फुटायचे. ते रक्त दिनानाथ काढायचा. हळद आणि चुना. कुंकूसुद्धा तसंच बनतं. आपल्याच हातची करामत, आणि आज ती त्याच्या नकळत, एवढ्या मोठ्या भिंतीवर, शेकडो माणसांसमोर होऊन गेली होती.

आणि प्रयोग संपल्यावर दुसऱ्या दिवशीच्या खेळाला तोच अंगरखा पांढरा हवा, म्हणून आधी त्यावर काय पिळायचा तो?

"लिंबू," दिनानाथ म्हणाला.

"काय?"

"लिंबू आणा! रसाच्या गाडीवरून. असतील तेवढी!"

मैदानाच्या कडेला रसवंतीवाला उभा होता. त्याची अख्खी टोपली आली. दिनानाथने एक लिंबू कापलं, हात वर करून दोन्ही बाजूंना दाखवलं, अगदी जादूगारासारखं. तेवढं त्याला राहवलं नाही. मग म्हणाला, "मंडळी, गेरू हा गेरूच राहतो. बघा." आणि एका डागावर लिंबू चोळलं. लाल तो लालच. थोडा ओघळला, बस.

"आता हा."

दुसऱ्या डागावर त्याने लिंबू पिळलं. चुन्याने बारीक फसफस केली. आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्या लालातून पिवळा वर आला. आधी मधे एक ठिपका, मग वाटीएवढा, मग आख्खा डाग पिवळाधमक. पहाटेचं तांबडं सरून ऊन यावं तसा.

जाळीला धरलेले हात तसेच राहिले. दिनानाथने तिसऱ्या डागावर लिंबू पिळलं. पिवळा. चौथ्यावर. पिवळा. पाचवा गेरूचाच. सहावा पिवळा. मग माणसं पिवळे डाग मोजायला लागली. "पाच!" गाव म्हणालं. "सहा!" गावाबरोबर सोसायटीही म्हणाली, कारण असं काही डोळ्यांदेखत घडत असताना गप्प कोण राहणार? नवव्या, दहाव्याला जाळी कुणीतरी वर उचलली आणि दोन्हीकडची गर्दी एकत्र होऊन त्या भिंतीभोवती दाटली. "सतरा!" शेवटचा डाग उजळला तेव्हा जो आवाज उठला, तो दिनानाथने पूर्वी ऐकला होता. या वेळी तो बाहेर होता. या वेळी त्याने चेहरे पाहिले. वर वळलेले, उघड्या तोंडांचे, गावाचे कुठले आणि सोसायटीचे कुठले हे न कळणारे.

राजाबाईने एका डागावर बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि कपाळाशी नेलं.

"माजंच हाय," ती म्हणाली. "सतराच्या सतरा."

"हळद बावीस, गेरू तेरा, नीळ नऊ," दिनानाथने जाहीर केलं. "शिरवणे विजयी."

नंदकिशोर तिथून केव्हाच निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाकीट होतं. लेखी तक्रार. पंचांनी नाटकी हातचलाखी करून निकाल फिरवला, सबब ठरल्याप्रमाणे जागा रिकामी करावी. खाली सही चेअरमनची.

दिनानाथने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खाली उतरला. करवती एकेक करून काढल्या, बारदानात गुंडाळल्या. वैजयंती मागोमाग आली आणि काथ्याची भेंडोळी बांधायला बसली.

"वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"वाटतंय गं." त्याने सरसाचं भांडं उचललं, खाली ठेवलं. "पण काय डाग होता, वैजू! तू पाहिलास? काय रंग वर आला!"

"पाहिला. आणि मला आधी विचारलं असतंत तर रणगाड्याला चुना लावूच दिला नसता."

तेवढ्यात फाटकातून टेम्पो आत आला. हिरामण उतरला, मागून राजाबाई, आणि टेम्पोत शिडाच्या कापडाचा रणगाडा.

"काका, ह्यो ठेवायचा कुठं?" हिरामण म्हणाला. "आमच्या अंगनात मावत नाय. पुढल्या वरसाला लागंल ना?" मग त्याने गुंडाळलेलं सामान पाहिलं आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे काय?"

उत्तर द्यायच्या आत जिन्यावरून नंदकिशोर आले. अंगात बनियन, हातात कालचा सदरा, ओला, पाणी ठिबकतंय. सोसायटीने आपल्या चेअरमनला सदऱ्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. त्यांना टेम्पो दिसला नाही, राजाबाई दिसली नाही. सरळ दिनानाथसमोर येऊन त्यांनी सदऱ्याची बाही पसरली.

"काल इथे हळदीचा शिंतोडा उडाला होता. पिवळा. मी पाहिला होता. आत्ता आईने साबण लावला आणि..." बाहीवर लालभडक डाग होता. "मी म्हटलं, आई, हे रक्त कुठलं? तर ती हसायलाच लागली. म्हणाली, हळदीला साबण लागला की असंच होतं, तू जन्मात सदरा धुतला असतास तर कळलं असतं."

"मग लिंबू लावलंत?" दिनानाथने विचारलं.

"नाही." नंदकिशोर जरा घुटमळले. "म्हटलं, तुमच्यासमोर लावावं."

वैजयंती वर जाऊन अर्धं लिंबू घेऊन आली. नंदकिशोरनी स्वतःच पिळलं. तिघंही बाहीवर वाकले. लाल फिका झाला, सरला, आणि पिवळा वर आला. नंदकिशोर बघतच राहिले. पन्नाशीतला तो बँकेतला माणूस, ओठ किंचित उघडे, डोळे मोठे झालेले, जाळीला धरून उभ्या असलेल्या कालच्या गर्दीतल्या कुणासारखाही.

"ते पाकीट," बाही सोडत ते म्हणाले. "ते द्या मला परत."

दिनानाथने पाकीट दिलं. नंदकिशोरनी ते ओल्या सदऱ्यातच गुंडाळलं. मग त्यांना टेम्पो दिसला, रणगाडा दिसला, राजाबाई दिसली. ते क्षणभर गोंधळले आणि मग चेअरमन झाले.

"हा रणगाडा इथे या कोपऱ्यात ठेवायचा असेल, तर गाडीला जागा उरत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तसा ठराव करावा लागेल. आणि काका, पुढच्या वर्षीच्या नियमांत लिहा: चुना चालणार नाही."

"चालनार नाय कसा?" राजाबाई टेम्पोच्या पायरीवरून म्हणाली. "चुना पायजे. मजा तं तीच हाय!"

सगळ्यांनी दिनानाथकडे पाहिलं. पंच तोच होता. त्याने बारदानातून वही काढली, कानामागची पेन्सिल घेतली आणि 'तिन्ही रणगाडे बाहेरून पांढरे असावेत' या ओळीखाली लिहिलं: सर्वांनी त्याच दिवशी पहाटे ओला चुना मारावा. पंचांजवळ चार डझन लिंबं असावीत.

मग वही ठेवून त्याने गुंडाळलेली पहिली करवत सोडली आणि खिळ्याला परत टांगली.